रजिस्टर झालं, पण कुठलं?

मी वही बोलतेय. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका गल्लीतल्या छोट्या मशिदीची, निकाहाची वही. हिरवा पुठ्ठा, जाड कागद. पण मला वही कोण म्हणतं? सगळे 'रजिस्टर' म्हणतात, आणि या नावाची मला केवढी घमेंड होती!

निकाह असला की मौलाना इदरीस मला पडद्यापलीकडे बायकांकडे पाठवायचे. नवरीची सही व्हायची, खजूर वाटले जायचे, कोणीतरी माझ्या कोपऱ्याला चिकट बोट लावायचंच. सही करण्याआधी मला वाचणारा एकही नवरदेव मी पाहिला नाही. सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे.

तस्लीमनं मात्र सही करून विचारलं होतं, "मौलानासाहेब, रजिस्टर झालं ना?"

"झालं बेटी, झालं!" मौलाना मला थोपटत म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. त्यांचं रजिस्टर म्हणजे मी. तिच्या मनातलं रजिस्टर सरकारी कचेरीतलं होतं.

बावीस वर्षं तिनं संसार केला. मग तिचा नवरा शौकत दुसरीकडे राहायला गेला आणि त्यानं निरोप धाडला, "घर माझ्या नावावर आहे. खाली कर." तस्लीम वकीलबाईंना घेऊनच मशिदीत आली. मौलानांनी मला झोकात उघडलं.

"हे बघा, साक्षीदार, सह्या, सगळं आहे."

वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. "मौलाना, निकाह अल्लाहपुढे पक्का. पण सरकारी कचेरीत नोंद नाही, म्हणून इथल्या कायद्याला या दोघांचं लग्नच माहीत नाही. बायको म्हणून घरावर हक्क सांगता यायचा नाही."

"मग बावीस वर्षं मी कोण होते?" तस्लीम म्हणाली.

मला माझ्याच नावाची लाज वाटली. तेव्हापासून कपाटात मला चैन नाही. अजून कितीजणी माझ्या भरवशावर निर्धास्त बसल्या असतील, या विचारानं जीव थाऱ्यावर राहत नाही.

आज तस्लीमच्या मुलीचा, गुलरुखचा निकाह. मौलानांनी पेन उघडलं, पण आधी विचारलं, "सरकारी दाखला?" पोळले आहेत बिचारे.

नवरदेवाचे काका हसले. "आधी निकाह तर होऊ द्या! कागद काय पळून जातोय?"

"कागद नाही पळत, चाचाजी," पडद्यामागून गुलरुख म्हणाली. "नवरा पळतो."

आणि ती तशीच, सगळ्या दागिन्यांसकट बाहेर आली. तिनं मला फटकन मिटलं आणि माझ्यावर कोपर टेकून बसली. "अगं, लोक काय म्हणतील!" मावशी कुजबुजली. तस्लीम मुलीशेजारी जाऊन बसली.

नवरदेव मोबाइलवर शोधून चाचरत म्हणाला, "आधी सरकारी कचेरीत दोघांनी नोटीस द्यावी लागते. मग अठ्ठावीस दिवस."

"देऊ ना," गुलरुख म्हणाली. "मी थांबते."

काका तावातावानं बाहेर गेलेत. मौलाना पेन हातात धरून तसेच बसलेत. कोणी काही म्हणो, तुम्हाला हात जोडून सांगते, ही पोर स्वतः उठेपर्यंत मला उघडू नका.