एकतीस गोधड्या

कारगिलकडं गोळे पडायला लागले, त्या जूनमध्ये घाटनांदूरच्या महादेवीला पुतण्याचं पत्र आलं. रवि फौजेत ड्रायव्हर. लढाईबद्दल त्यानं एक ओळ लिहिली नव्हती. सगळं पत्र म्हाताऱ्यांचं. गाव सोडून दोन दिवस चालत आलेली म्हातारी माणसं शाळेच्या फरशीवर झोपतात. एक जण थंडीनं गेला, एकतीस उरलेत. 'काकू, आपल्याकडच्या गोधड्या पाठव. जाड पाठव.'

'पाठवते,' असं महादेवीनं कळवून टाकलं. गावातल्या उत्तरेश्वरचा ट्रक पंधरा दिवसांनी माल घेऊन जम्मूला जाणार होता, तिथून पुढं रवि नेणार होता. गोधडीला जुनी लुगडी लागतात आणि ती गावात घरोघरी गाठोड्यांनी पडलेली. तिला यात अवघड काही दिसलं नाही.

घोळ नवऱ्यानं घातला. कल्याणराव किराणा दुकानदार, पण माइक हातात आला की त्यांना सोडवत नसे. देवळाच्या भोंग्यावरून त्यांनी मदत मागितली आणि देणाऱ्याचं नाव पुकारू, असंही सांगून बसले. नाव पुकारणार म्हटल्यावर गावाच्या लेखी तो आहेर झाला. आहेरात जुनेर कोण देतं?

संध्याकाळपर्यंत ओसरीवर स्टीलच्या वाट्या-ताटल्यांची उतरंड, चाळीस टॉवेल-टोप्या आणि ब्लाउजपिसांचा ढीग जमला. लुगडं एकही नाही. निम्मी भांडी चार-चार लग्नं फिरून आलेली. एका ताटलीवर तर महादेवीच्या आत्याचंच नाव कोरलेलं होतं. ती तिनं स्वतःच कुणाच्या तरी बारशात खपवली होती.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या वच्छलाबाईंकडं गेली.

"एखादं जुनं लुगडं द्या की."

"अगं बाई! माझं नेसून विरलेलं परक्याच्या अंगावर घालू व्हय? काय म्हनतील ती मानसं? वाटी दिली की मी. तुझ्या मालकानं भोंग्यावर नुसतं 'वच्छला' म्हनलं, 'बाई' बी लावलं न्हाई."

पुढच्या सात घरांत हेच उत्तर मिळालं. त्यात तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी महादेवीनं सगळी भांडी टोपलीत भरली आणि टोपली डोक्यावर घेतली.

"अगं, कुठं निघालीस?" कल्याणराव दुकानातून ओरडले.

"भांड्यावर लुगडी घ्यायला."

"दुकानदाराची बायको बोहारीण झाली म्हनतील लोक!"

"म्हनू द्या. तुमी तेवढं भोंग्यावर सांगू नका."

तिनं बोळाच्या तोंडाशी बसून हाळी दिली, तशी दारं उघडली. लोकांना द्यायला ज्या बायांना लाज वाटत होती, त्या भांड्यावर घालायला बोचकीच्या बोचकी घेऊन आल्या. वच्छलाबाईंनी तीन लुगडी टाकली, टोपलीतली एक वाटी उचलली, नखानं वाजवली.

"लई हलकी हाय गं. असली कोन देतं?"

"तुमीच दिलती."

वच्छलाबाईंनी वाटी उलटी करून पाहिली.

"मग दुसरी दाखव," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली आणि शंभरावर लुगडी आली. देवळाच्या मंडपात वीस बाया गोधड्यांना दोरे भरायला बसल्या. टॉवेल मधल्या थरात गेले. टोप्यांचं काय करावं, हे कुणालाच सुचलं नाही.

ट्रकच्या दिवशी महादेवीनं गोधड्या मोजल्या. तीस भरल्या. तिनं पुन्हा मोजल्या, तरी तीसच. उत्तरेश्वर ताडपत्रीची दोरी धरून उभा.

"एकानं काय होतंय, काकू? दोघं एकीत झोपतील."

"एकजण थंडीनं मेलाय," महादेवी म्हणाली. "थांब."

तिनं कुणाला हाक मारली नव्हती, पण वच्छलाबाई घरात गेल्या आणि अंथरुणातली गोधडी काढून आल्या. वापरून लोण्यासारखी मऊ झालेली, एका कोपऱ्याला तेलाचा डाग.

"सासूनं शिवलेली हाय."

बदल्यात भांडं द्यायला महादेवीचा हात सवयीनं शेजारच्या रिकाम्या टोपलीकडं गेला.

"ऱ्हाऊ दे. त्या मानसाला तेवढं सांग, डागाची बाजू पायाकडं घे म्हनावं."

महादेवीनं वहीचं पान फाडून तसं लिहिलं आणि कोपऱ्याला चार टाके घालून शिवलं.

"तिथं मराठी कोन वाचनार?" कल्याणरावांनी विचारलं.

"रवि हाय की," ती म्हणाली आणि गोधडी वर फेकली.