डोरिकाच्या हातचं मीठ

“मीठ कोणी घातलं?” हात धुता धुता फॅक्सननं विचारलं.

डोरिकानं नवऱ्यापुढे ताट ठेवलं. सहा महिने रोज संध्याकाळी हा माणूस हेच विचारत आला होता, आणि “नाफिरी आजीनं” म्हणून ती मोकळी होत होती. आज सकाळीच दवाखान्यातून तो टीबी बरा झाल्याचा कागद घेऊन आला होता. दुसरा कोणी असता तर गावभर नाचला असता. हा मात्र आपल्या सायकलदुरुस्तीच्या टपरीवर दिवसभर उठबस करत होता. धुळीनं एकदा ठसका लागला, तर थुंकीच न्याहाळत बसला.

गोळी त्यानं एकही चुकवली नव्हती. पण गोळीनं खोकला जातो, खोकल्याचं मूळ जात नाही, असं आईनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. पाळीत बायकोनं भाजीत मीठ घातलं की नवरा खोकून खोकून झिजतो, हे इकडे शेंबडं पोरही सांगेल. “हिनंच घातलं असणार!” आई म्हणाली, आणि तेव्हापासून डोरिकाच्या हातचं मीठच बंद. शेजारची नाफिरी आजी म्हातारी, तिची पाळी कधीच गेलेली. तिनं येऊन भाजीत मीठ घालायचं असं ठरलं.

“कानात बोळे घातलेत का? मीठ कोणी घातलं?”

“मी.”

त्याचा हात ताटावरच थांबला. “आज?”

“आज, काल, परवा. आजी दुसऱ्या आठवड्यातच यायची बंद झाली. तुमच्या खोकल्याच्या धास्तीनं या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. मी कुणाला बोलावणार होते? अळणी तुमच्या घशाखाली उतरेना, आणि उपाशीपोटी गोळ्या ओकत होतात.”

“पाळीतसुद्धा?”

“पाळीतसुद्धा.”

“मेलो असतो म्हणजे?”

“मला काय भीती नव्हती? तुम्ही झोपलात की तुमचा श्वास मोजत बसायचे मी!” तिनं मिठाचा डबा ताटाशेजारी आणून ठेवला. “जायचं तर खुशाल जा डेड्झाला, तुमच्या आईच्या गावी. पण मी नवऱ्याला मारायला निघाले होते, हे आता ऐकून घेणार नाही.”

फॅक्सन ताडकन उठला. दारापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. राग येत होता, आणि त्या रागाचीच लाज वाटत होती. सहा महिने हिला घरात खुनी ठरवलं, आणि जगलो ते हिच्याच हातचं खाऊन! त्यानं छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही.

तो परत येऊन ताटावर बसला. मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याचा घास मोडला, भोपळ्याच्या पाल्याच्या भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला. डोरिका त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“कमी पडलंय,” तो म्हणाला आणि भाजीची वाटी तिच्याकडे सरकवली. “अजून घाल.”

तिनं मिठाची चिमूट घेतली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांदेखत भाजीत टाकली.