माझ्या जबड्यातली जाळी

मित्रांनो, मी एक जुने मिलिंग मशीन आहे, आणि मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणला असे कोणी म्हणायला नको.

माझे अंग बिडाचे, ओतून घडवलेले. आमच्या कारखान्यात कृत्रिम हातापायांचे भाग बनतात. भरीव ठोकळा माझ्या जबड्यात, म्हणजे वाइसमध्ये, आवळायचा आणि नको तेवढा भाग मी फिरत्या दात्यांनी कापून काढायचा, हे माझे काम. मला चालवणारे मामा वाइसची मूठ पिळून झाली की वर हातोडीचा एक ठोका देत आणि म्हणत, "आता हा हलायचा नाही." सगळे त्यांना मामाच म्हणतात, कारण कारखान्याची मालकीण त्यांची सख्खी भाची आहे.

आमच्या कामावर लोकांचा भरवसा होता. टपाल वाटणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या कृत्रिम पायात नडगीच्या जागी बसणारा पोलादी दांडा मीच घडवला. इतकी वर्षे झाली, तो वाकला नाही की झिजला नाही. मला मिशा असत्या तर मी पीळ दिला असता.

मग भाचीने ती नवी पेटी, म्हणजे थ्रीडी प्रिंटर, आणली. टायटॅनियमची पिठासारखी पूड ही पेटी पातळ थरात पसरते, हवी तिथेच लेसरने वितळवते, त्यावर पुन्हा थर घालते. असे करत करत जाळी उभी राहते. आत सगळी पोकळी, नुसत्या काड्याच काड्या. पेटीला काचेची खिडकीही आहे. पाहुणे आले की तिथे नाक लावून उभे राहतात. माझ्या टेबलावर मात्र जेवणाचे डबे आले, मामांची ओली छत्री आली. अंगावर गंज चढला तरी कोणी तेल घातले नाही. घरात धाकटी सून आल्यावर थोरलीचे काय होते, ते मला विचारा.

"हे काय गं, चहाची गाळणी?" पहिली जाळी हातात घेऊन मामांनी विचारले. मी खूश झाले. पण भाचीने ती दाबयंत्राखाली ठेवली. जिथे भार जास्त तिथे काड्या जाड आणि दाट, जिथे कमी तिथे बारीक, अशी तिची रचना होती. काटा चढत गेला, जाळी काही वाकली नाही. आणि वजन तर माझ्या दांड्याच्या पावपटही नव्हते. माझ्या पोटात दुखू लागले.

त्याच सुमारास टपालवाल्या बाई आल्या आणि बाकावर बसून गुडघा चोळू लागल्या.

"मामा, तुमचा दांडा मोडत नाही हो, पण दुपारपर्यंत मीच मोडते. सोमवारी साहेब माझ्यासोबत पूर्ण फेरी चालणार आहेत. जमलं नाही, तर मला खुर्चीवर बसवून शिक्के मारायला लावतील."

भाचीने त्यांच्यासाठी जाळीचा दांडा करायला घेतला. पेटीतून निघाल्यावर तो भट्टीत तापवून त्यातला ताण घालवला, अडकलेली पूड हवेने उडवली. पण पेटीचे काम खरखरीत असते. दोन्ही टोके सपाट केल्याशिवाय दांडा पायात बसत नाही. म्हणजे शेवटी माझ्याकडेच यावे लागले. मी फुगून टम्म झाले.

मामांनी डबे उचलले, दांडा वाइसमध्ये धरला, मूठ पिळली आणि हाताच्या सवयीने वर ठोका दिला. कर्रकन आवाज झाला. उभा भार सहज पेलणारी ती जाळी असे आडवे आवळून घ्यायला केलेलीच नव्हती. मधल्या काड्या चेपल्या. मामांनी घाईघाईने मूठ सैल केली, पण उशीर झाला होता. माझ्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

नवा दांडा न्यायला आलेल्या टपालवाल्या बाईंनी तो चेपलेला दांडा मांडीवर घेतला.

"माझ्या गल्ल्या नव्या पोराला देणार आहेत," त्या म्हणाल्या. "चांगला आहे तो. पण माझ्या गल्लीत दुसऱ्या कोणी घंटी वाजवलेली मला बघवायची नाही, मामा. बोलायला बरं दिसत नाही, पण नाहीच बघवायची."

हे दुखणे मी ओळखत होते. ते माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे असे मला वाटे. त्या बाईंनी तेच चारचौघांत बोलून दाखवले, आणि माझ्या उकळ्या जागच्या जागी विरल्या.

"रविवारपर्यंत दुसरा निघेल," भाची म्हणाली. "पण मामा, तो ठोका..."

"माझे हात बांधून ठेव हवं तर."

या वेळी जाळीत वितळलेले मेण ओतायचे ठरले, म्हणजे ते थिजल्यावर काड्यांना आतून आधार. तोवर मामांनी माझा गंज घासला, सांध्यासांध्यांत तेल सोडले. दुसरा दांडा आला तेव्हा त्यांनी हातोडी भाचीच्या हाती दिली आणि दोन बोटांनी मूठ फिरवली. माझे दाते जरा थरथरले असते तरी काडी तुटली असती. मी श्वास रोखून पातळ पापुद्रे काढले. इतके हलके काम मी जन्मात केले नव्हते.

मेण गरम पाण्यात निघून गेले. बाईंनी पाय लावला, जिना चढल्या, उतरल्या, उगाचच पुन्हा चढल्या. "वजनच नाही हो!" म्हणाल्या, आणि कौतुकाने थोपटले ते पेटीला. सोमवारी म्हणे साहेबच अर्ध्या फेरीत एका पायरीवर बसले आणि बाई पुढच्या दारी पोचल्या. गल्ल्या त्यांच्याच राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल. त्यावर डबे ठेवू नका, वेळच्या वेळी तेल घाला. नव्याचे काम कधी त्याच्यापाशी येऊन अडेल, सांगता येत नाही.

माझा हेवा मात्र गेलेला नाही. आता तो पेटीचा वाटत नाही, त्या दांड्याचा वाटतो. त्याची दोन्ही टोके मी सपाट केली, आणि तो रोज सकाळी दारोदार फिरतो. मी इथे आल्यापासून हा उंबरठा एकदाही ओलांडलेला नाही.