डावीकडची जागा

"ब्रेक मार, ब्रेक! पुढचा लाल दिवा दिसतोय का तुला?" हार्लन बाजूच्या सीटवरून ओरडला.

"दिसतोय रे बाबा. तू चालवायचास तेव्हा मी कधी तोंड उघडलं होतं?" कर्ट म्हणाला.

"तोंड उघडंच असायचं तुझं. घोरत असायचास."

मी मागच्या सीटवर बर्फाच्या खोक्याला टेकून दोघांचं ऐकत होते. एरवी मीही मध्ये पडून दोघांना दोन शब्द सुनावले असते, पण त्या दिवशी मी मनात शब्द जुळवत होते. हार्लनला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ते काम कर्टने गोड बोलून माझ्या गळ्यात मारलं होतं.

आम्ही तिघं अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एकाच गावचे. हार्लन विहिरींचे पंप दुरुस्त करतो, म्हणजे करायचा. कर्ट हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढतो आणि उन्हाळाभर कुरकुर करतो. मी, डोरीन, शाळेच्या स्वयंपाकघरात असते. आमची लग्नं झाली, दोघांची मोडली, मुलं मोठी होऊन निघून गेली. पण उन्हाळ्यात 'टिन ऑर्चर्ड'ला जायचं कधी चुकलं नाही. या बँडने एक गाणं धरलं की अर्धा अर्धा तास सोडत नाही, आणि आज वाजवलं तसं उद्या वाजवत नाही. माझी बहीण म्हणते, "एकदा ऐकलंत ना, मग दर वर्षी काय ते?" तिला काय सांगणार, कपाळ! आमची जागाही ठरलेली. रंगमंचाच्या अगदी पुढे, डावीकडे, पियानोवाल्यासमोर. तिथे खुर्च्या नसतात. तिथे उभं राहायचं, नाचायचं आणि घामाने निथळायचं. हार्लन नाचतो भयंकर, पण आजवर कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. आता चालताना पायही मध्येच अडतात. तो हात खिशात घालून फिरतो, भर जुलैत जॅकेट घालून. चारचौघांत जेवत नाही. या वसंतात त्याने व्हॅनची किल्ली कर्टच्या हातावर ठेवली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

म्हणून आम्ही दोघांनी अक्कल चालवली. या वर्षी तिकिटं मी काढली होती. हार्लनचं आणि माझं पुढचं तिकीट परत केलं आणि मागे अपंगांसाठी जो उंच लाकडी चौथरा असतो, तिथल्या दोन खुर्च्या घेतल्या. सोबतीला एकालाच बसू देतात, ती मी. कर्ट आमच्या जागेवर जाणार. हार्लनला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मैदानाबाहेर गाड्या लागल्या होत्या. दुपारचं ऊन, कुणी तव्यावर चीज सँडविच भाजत होतं, कुणी ढोल बडवत होतं. गाड्यांच्या मधून बोट वर करून माणसं फिरत होती. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याने एक बोट वर करायचं, आणि ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्याने देऊन टाकायचं. पैसे घ्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. हार्लन दर वर्षी एक तिकीट मुद्दाम जास्तीचं आणायचा, बोट वर केलेल्या कुणाला तरी देण्यासाठी.

"हार्लन, ऐक ना," मी एकदाचं तोंड उघडलं. "आज आपण दोघं वर बसायचंय. चौथऱ्यावर. खुर्च्या आहेत."

"आणि माझं पुढचं तिकीट?"

"परत केलं."

त्याने कर्टकडे पाहिलं. कर्ट टायर बघायला खाली वाकला. टायरला काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

"कुणाला विचारून?"

"मागच्या महिन्यात दुकानाच्या पायऱ्यांवर पडलास, तेव्हा तुला उचलायला मी होते! त्या गर्दीत पडलास तर? तुडवतील तुला."

"इतकी वर्षं त्याच गर्दीत आहे मी. कुणी तुडवलं?"

"तेव्हा तू धडधाकट होतास!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हार्लन चिडला असता तर बरं झालं असतं.

"खुर्चीत बसून लांबून लोकांची डोकी बघायला मी आलो नाही, डोरीन. तुम्ही जा. मी व्हॅनमध्ये बसतो."

"माझं तिकीट घे," कर्ट टायरजवळूनच म्हणाला.

"तुझं नको. तू तुझ्या जागेवर उभा राहा."

"बस मग व्हॅनमध्ये!" मी ओरडले. "तुझ्यासाठी जीव टाकतो आम्ही, आणि वर तुझा हा तोरा!"

तो पाय ओढत निघून गेला. मला वाटलं, शौचालयाकडे गेला असेल. मी रागारागात सँडविचं बांधत होते, तेवढ्यात कर्टने कोपराने ढोसलं. "डोरीन, ते बघ."

लोक जिथून आत जात होते त्या वाटेच्या मधोमध हार्लन उभा होता. त्याने उजवा हात खिशातून काढून वर केला होता. एक बोट. हात खांद्यापासून थरथरत होता. येणारे जाणारे बघत होते, काही जण बघून मान वळवत होते. आयुष्यभर देत आलेला माणूस मागायला उभा राहिलेला मला बघवेना. रडू आलं, आणि त्याहून जास्त त्याचा संताप आला. मी तरातरा गेले.

"हात खाली घे. लोक बघतायत."

"बघू देत. बोट वर केल्याशिवाय तिकीट मिळतं का कुणाला?"

"अरे, पण खुर्ची आहे ना तुझ्यासाठी!"

"खुर्ची मी मागितली होती? तिकीट मागतोय."

हात दमून खाली आला. त्याने डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं आणि पुन्हा वर केला. मी धरते म्हणाले. नको म्हणाला. मग मी नुसती शेजारी उभी राहिले. आणखी काय करणार होते?

बरीच माणसं गेली. मग डोक्याला रुमाल बांधलेली एक धिप्पाड बाई अर्धं खाल्लेलं सँडविच हातात घेऊन थांबली. तिने त्याच्या हाताकडे नीट पाहिलं, नजर चुकवली नाही.

"एक आहे माझ्याकडे. बहीण यायची होती, नाही आली. पण पुढचं आहे हं, उभं राहावं लागेल."

"कुठली बाजू?"

"डावी. दुसरीकडे कोण जातं?"

"चालेल," हार्लन म्हणाला.

"नाचताना माझं कोपर लागलं तर कुरकुर करायची नाही."

"माझंही लागेल."

ती खदाखदा हसली, तिकीट दिलं आणि सँडविचसकट त्याला मिठी मारली. हार्लनच्या जॅकेटला चीज लागलं. ते त्याने पुसलं नाही.

दारापाशी त्याच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि माझ्या पिवळी. पिवळीवाल्यांना पुढे सोडत नाहीत. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या जागेवर मी नव्हते. आणि ही करणी माझीच.

"पडलास तर?" तरीही मी विचारलंच.

"पडलो तर उठवतील. उचलणारी जगात तू एकटीच आहेस का?"

लागलं मला ते. त्यालाही कळलं असावं. दोन पावलं जाऊन थांबला. "वरून नीट दिसेल ना गं तुला?"

"दिसेल. जा आता. कर्ट वाट बघतोय."

चौथऱ्यावरून सगळं छान दिसत होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बँड आला, पहिलं गाणं सुरू झालं आणि मैदान उसळलं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. व्यवस्था बघणारी एक वयस्कर बाई हातात कागद घेऊन आली.

"तुमच्याबरोबरचे गृहस्थ अजून आले नाहीत?"

"आलेत की. ते तिकडे आहेत, डावीकडे, पियानोवाल्यासमोर."

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तिथे शेकडो हात वर होते आणि सगळेच हलत होते.

"त्यातले कुठले?"

मी उभी राहिले, टाचा उंचावून शोधलं.

"मलाही ओळखू येत नाहीयेत," मी म्हणाले. "ही खुर्ची द्या कुणाला तरी."