बाभळीच्या बनातले सुरवंट

वर्ध्यात मी सफाई कामगारांचा मुकादम होतो आणि तोंडाचा फटकळ. दर पावसाळ्यात मुलींच्या शाळेपुढच्या शेवग्यांवर केसाळ सुरवंट यायचे. दिवसा ते खोडाला गोधडीसारखे दाट चिकटून बसत. मग आमचा नत्थू टेंभा पेटवून त्यांना जाळायचा. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

सत्तावनच्या श्रावणात मात्र तो टेंभा हातात घेईना.

"सायेब, मी नागपूरले दीक्षा घेतली. आता जीव मारत नाई."

"मंग काय त्याइले पोसतं? सोमवारी मोठे सायेब पाह्यले येऊन राह्यले. एक बी सुरवंट दिसला तं तुही नोकरी गेली समज!"

मी बोललो की करणारच, हे नत्थूला पक्कं ठाऊक होतं. तरी तो खराट्यानं सुरवंट हलकेच टोपल्यात लोटायचा आणि बायको धुरपताबरोबर ते टोपलं सिंदी मेघे गावापलीकडच्या बाभळीच्या बनात रिकामं करून यायचा. लोक हसत. मीही हसलो.

"अन् ते वापस आले तं?"

"बारके पाय हायेत त्याइचे," धुरपता म्हणाली. "येईस्तोर दिवाळी होईन."

रविवारी दुपारी एकच झाड उरलं. पण मला कुठला धीर! ते दोघं बनाकडे गेलेले पाहून मी स्वतःच टेंभा पेटवला आणि खोडाला लावला. धग लागताच वरचा अख्खा झुबका सुटला आणि माझ्या डोक्यावर पडला. सुरवंट मानेवर, सदऱ्यात, सगळीकडे. टेंभा टाकून मी भर रस्त्यात नाचू लागलो.

तेवढ्यात परतलेला नत्थू धावत आला, आणि दोन हात अंतरावर थबकला.

"हात लावू काय, सायेब?"

बारा वर्षांत तो मला कधी शिवला नव्हता. मीच शिवू दिलं नव्हतं. खाजेपेक्षा मला या गोष्टीची लाज जास्त वाटली.

"लाव ना, बाप्पा! लवकर!"

त्यानं माझी मान धरली आणि काडीनं एकेक सुरवंट उचलू लागला.

"हलू नका. दबून मरन."

"कोन? मी का सुरवंट?"

"दोघाइले वाचवून राह्यलो, सायेब."

एवढ्या खाजेतही मला हसू फुटलं.

शेवटचं टोपलं जड झालं होतं आणि धुरपता थकली होती. टोपल्याचा एक काठ नत्थूनं धरला, दुसरा मी. भर बाजारातून, ओळखीच्या सगळ्यांदेखत, आम्ही ते बनापर्यंत नेलं.

सोमवारी मोठ्या साहेबांना एकही सुरवंट दिसला नाही. माझी सुजलेली मान तेवढी दिसली.