राजूर घाटात फिरलेला काटा

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ मुले विचारतात, "हे बंद घड्याळ इथं काऊन ठेवलं?" मी घड्याळ नाही. मी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानातला जुना उंचीमापक आहे. माझ्या पोटात पातळ पत्र्याची पोकळ डबी आहे. विमान वर जाऊन हवा विरळ झाली की ती फुगते आणि माझे काटे फिरतात. ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नसे, तेव्हा वैमानिक माझ्या भरवशावर डोंगर ओलांडत.

मला जपायचे तुळशीराम. ते धामणगाव बढ्याचे. हवाई दलात यंत्रे दुरुस्त करायचे. प्रत्येक उड्डाणाआधी ते माझी काच पुसत, काटा तपासत. विमान मोडीत निघाले तेव्हा साहेबांनी रीतसर पत्र देऊन मला त्यांच्या हाती सोपवले. पुढे गावच्या शाळेने एका खोलीत संग्रहालय उघडले. तुळशीरामांनी मला आणि एका वैमानिकाच्या जुन्या शिरस्त्राणाला तिथे आणून ठेवले. ते पत्र मात्र त्यांच्या घरच्या पेटीत वाळवीने खाल्ले.

मागच्या हिवाळ्यात अविनाश नावाचे गृहस्थ शहरातून आले. जुन्या वस्तूंची पारख आहे म्हणाले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. तोंड वाकडे केले, पण त्यांची बोटे माझ्यावरून सुटत नव्हती. मला ते तेव्हाच खटकले.

"नक्कल आहे ही," ते शाळा समितीच्या भगवानरावांना म्हणाले. "आत काही नाही, काटे नुसते चिकटवलेत. सोमवारी परत येतोय, तेव्हा घेऊन जातो. तेवढीच तुमची अडगळ कमी."

भगवानरावांना ते पटले. गावात कुजबुज सुरू झाली. तुळशीराम खरेच हवाई दलात होते, की कुठल्या हॉटेलात कपबशा धूत होते, असे लोक पारावर विचारू लागले. तुळशीराम संग्रहालयात येईनासे झाले.

मला आता कुणाचाच भरवसा वाटेना. संग्रहालय सांभाळणाऱ्या सुवर्णाबाईंचा तर मुळीच नाही. त्या सारख्या माझे कपाट उघडत, काट्यांकडे टक लावून पाहत, आणि पावले वाजली की झटकन दार लावून घेत. रविवारी त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले. ही बाई मला विकायला निघाली, याबद्दल माझी खात्री झाली. बसमध्ये भगवानरावांचा आवाज ऐकू आला, मग तुळशीरामांचा. तेही यात सामील? मला फार वाईट वाटले.

"बाई, फेरा वाया जाईल उगाच," भगवानराव म्हणाले.

"जाऊ द्या," सुवर्णाबाई म्हणाल्या. "सपाट गावात काटा काय हालन? त्या माणसाची बोटं सुटत नव्हती याच्यावरून. घाटात पाहू."

मोताळा मागे पडले. राजूर घाट सुरू होताच त्यांनी टॉवेल काढून मला मांडीवर धरले. बस वळणे घेत चढू लागली. माझी डबी कितीतरी वर्षांनी फुगली. मोठा काटा जरा अडखळला, मग सरकला.

भगवानरावांनी चष्मा लावला. ते माझ्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "हालून राह्यला."

बुलढाणा येईपर्यंत काट्याने एक फेरा पुरा केला होता.

"तुळशीरामभाऊ, चुकलं माझं," भगवानराव म्हणाले. "पाहा तरी एकदा."

तुळशीराम घाटभर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"मले काय दाखवता? मले मालूम हाय."

सोमवारी अविनाश पिशवी घेऊन आले. सुवर्णाबाई दारातच उभ्या होत्या. "नक्कल हाय तं तुमाले काऊन पाह्यजे?" त्यांनी विचारले. अविनाशांनी रिकाम्या पिशवीची घडी केली आणि ते आल्या पावली परत गेले.

मित्रांनो, सुवर्णाबाईंवर मी घेतलेल्या संशयाची मला आजही लाज वाटते. तुम्ही संग्रहालयात याल तेव्हा आमची काच पुसा, आम्हाला जपा. पण आम्हाला ज्यांनी इतकी वर्षे सांभाळले, त्यांच्याजवळही बसा. त्यांचे ऐकून घ्या, लिहून ठेवा. शंका आलीच तर गावभर बोलण्याआधी तपासून पाहा. तुळशीराम आता पुन्हा दर आठवड्याला येतात आणि माझी काच पुसतात. भगवानराव दर वेळी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवतात. तुळशीराम मात्र अजून उभ्यानेच माझी काच पुसून निघून जातात.