पक्षी की भूत

तिने पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर टेकवलं आणि हलकेच वळवलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग दाबून वळवलं. कोरं पान कोरंच राहिलं. खालच्या कडेची चिन्हंही कालची नव्हती, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

"भावोजी," ती मान न वळवता म्हणाली, "सकाळी तुम्ही याला हात लावलात?"

सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या दिराने कप खाली ठेवला. "हात काय, कायापालट केला. म्हटलं, वहिनी बबडीला आंघोळ घालताहेत तेवढ्यात उरकून टाकू. आता दगडासारखं भक्कम चालेल."

"दगडासारखंच चाललंय. पेन उमटत नाही."

"ते होईल. एक छोटी फाइल बदलायचीये फक्त."

आतून नवरा टॉवेलने डोकं पुसत आला. "पेन चालत नाही ना? मी सांगून सांगून थकलो. भुताच्या नादी लागलं की असंच होणार."

पक्षी आणि भूत हे या घरातले शब्द. नवऱ्याचं लिनक्स, त्याच्या पेनड्राइव्हवर पेंग्विनचा स्टिकर. दिराचं फ्रीबीएसडी, त्याच्यावर शिंगं असलेलं लाल पिल्लू. दोन्ही कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्यवस्था, दोन्ही फुकट, दोन्ही एकाच जुन्या युनिक्सच्या वळणावर गेलेल्या, आणि दोघे भाऊ त्याच धंद्यातले. बबडीचं नाव ठेवतानाही ते इतके भांडले नव्हते. कॉम्प्युटर मात्र तिचा होता, लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेला. रविवारी दीर यायचा आणि पक्षी उडवायचा. मधल्या वारी कधीतरी नवरा बसायचा आणि भूत उतरवायचा. तिला कुणी विचारायचं नाही. तिने विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं.

"माझ्या आकृत्या कुठे आहेत?" तिने विचारलं.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी ती आकृत्या काढत होती. बाळंतपणानंतर मिळालेलं पहिलं काम. प्राण्यांच्या हृदयांचा धडा आज संध्याकाळपर्यंत पोचवायचा होता. संपादकबाईंनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, आज नाही आलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देईन, मग रुसायचं नाही.

"सुखरूप आहेत," दीर म्हणाला. "पुसायच्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ती काळी, टेबलावर ठेवलीये बघा."

नवऱ्याचा टॉवेल डोक्यावरच थांबला.

"ती काळी?"

"हो."

"ती रिकामी होती."

"रिकामी कशी असेल?"

"माझ्या लॅपटॉपला लावली तर कोरी दाखवली. नव्याने तयार करू का, असं विचारलं. मी हो म्हटलं." तो भावाकडे बघत राहिला. "तू ती तुझ्या भुताच्या पद्धतीने आखलीस?"

"मग काय तुझ्या आखू? तुझ्या पक्ष्याला वाचता येत नाही, हा माझा गुन्हा?"

"येतं वाचता. त्यासाठी एक वेगळं बसवावं लागतं."

"हेच ते. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वेगळं काहीतरी बसवा."

"निदान आमच्या परवान्याची अट तरी आहे, फुकट उचलून, वर कुलूप घालून कुणी विकायचं नाही."

"अटी घालून दिलेलं स्वातंत्र्य ते कसलं स्वातंत्र्य, दादा?"

स्वातंत्र्य हा शब्द ऐकताच तिने हातातलं पेन पाटीच्या कडेला लावून ठेवलं, अगदी सरळ, कारण सरळ ठेवलं नसतं तर भिरकावलं असतं. कोपऱ्यातल्या पाळण्यात बबडी कुरकुरली. दोघांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही. ती उठली, बबडीला खांद्यावर घेतलं.

"बेडकाचं हृदय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी दोघांनी वळून पाहिलं. "कासवाचं. माशाचं. ही झोपली की काढायचे. मधेमधे उठून हिच्या नाकाखाली बोट धरायचे, श्वास लागतोय ना बघायला, आणि परत येऊन पुढची रेघ. तुम्ही दोघांनी मिळून पुसलंत ते."

"वहिनी, मी परत मिळवायचा प्रयत्न करतो ना—"

"त्या डिस्कला हात लावायचा नाही. कशालाच लावायचा नाही. हिला घेऊन बाहेर जा, दोघंही. अंधार पडेपर्यंत येऊ नका. टोपी घाला तिला. उन्हात उभं राहायचं नाही."

जिन्यावरून बराच वेळ भांडण ऐकू येत होतं. मग नवऱ्याचा आवाज, "अरे, पायरी बघ." ती खिडकीशी उभी राहिली. पिवळी टोपी वळणाआड गेली, तेव्हा तिने कागद आणि शाई काढली.

बेडकाच्या हृदयाच्या पहिल्याच कप्प्याला निब कागदात घुसली. दुसरा कागद घेतला. संध्याकाळी फोनने फोटो काढून पाठवले, तेव्हा बोटं काळी झाली होती.

"या खेपेला चालवून घेते," संपादकबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी श्वसनाचा धडा. तो असा कागदावरचा चालणार नाही हं."

आठवडाभर कॉम्प्युटर झाकून ठेवल्यासारखा होता. "बसवून देतो गं," नवरा ऑफिसला जाताना म्हणायचा. "नको," ती म्हणायची. तो गेला की ती बबडीला मांडीवर घेऊन फोनवर वाचत बसायची, आधी एकाची माहितीपुस्तिका, मग दुसऱ्याची. वाचता वाचता तिला रागवायला नवंच कारण सापडलं: यातलं काहीच अवघड नव्हतं. एका दुपारी बबडी गाढ झोपल्यावर तिने खण उघडला आणि दोन्ही पेनड्राइव्ह बाहेर काढले.

रविवारी दीर आला तो मिठाईचा खोका घेऊन. दोघा भावांचं आधीच फोनवर काहीतरी ठरलेलं दिसत होतं, कारण दोघेही एकदम हसले.

"वहिनी, तोडगा निघाला. दोन्ही बसवायच्या. अर्धी डिस्क दादाची, अर्धी माझी."

"चालू करताना तू फक्त निवडायचं," नवरा म्हणाला. "आज पक्षी की आज भूत."

"आणि माझी अर्धी कुठली?"

नवऱ्याने पुढे होऊन कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा झाला, अक्षरं सरसर वर गेली आणि पुसली गेली. पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उरली. ती आधी नाव विचारत होती, मग पासवर्ड. नवऱ्याने आपलं नाव घातलं. नाकारलं. दिराने त्याला बाजूला सारून आपलं घातलं. नाकारलं.

"कुठलीये ही?" दीर पडद्याजवळ वाकला. "वर व्यवस्थेचं नाव यायला पाहिजे. नावाची ओळच काढलीये कुणीतरी."

"माझीच आहे. किती पटकन उठली बघ."

"माझीही उठते पटकन. सुरुवातीची अक्षरं बघितलीस का तू?"

"तू बघितलीस?"

मग हळूहळू त्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं, पासवर्ड काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

तिने कडेवरच्या बबडीच्या बुडाखाली हात घालून पाहिलं.

"ओली झालीये," ती म्हणाली, आणि बबडीला दोघांच्या मधोमध धरलं. "कोण बदलणार ते तुमचं तुम्ही ठरवा. कोरडे कपडे वरच्या खणात आहेत."

चार हात एकदम पुढे आले. ती खुर्चीवर बसली. संध्याकाळपर्यंत माशाचे कल्ले पाठवायचे होते. तिने पडदा जरासा भिंतीकडे फिरवला, बोटं कळांवर ठेवली आणि त्या दोघांच्या पाठी वळायची वाट बघत राहिली.